लेकीने विचारलं, बाबा स्वर्गात नसणार का?

भिंगारकरीण | ११ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार आणि सलाम मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची. (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय.) आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. नवरा पुण्याचा. त्याचं घर गौरी-गणपती, सत्यनारायण सगळं करणारं पण तो स्वतः पक्का नास्तिक, कॉलेजात असताना अंनिसच्या शिबिरांना जायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली. स्पेशल मॅरेज ॲक्टने केलं, चर्चमध्ये झालं नाही, कारण तेव्हाच्या आमच्या पाळकसाहेबांनी आधी बाप्तिस्मा मग लग्न असं सांगितलं आणि हा म्हणाला मी खोटं बोलून डोक्यावर पाणी घेणार नाही. तेव्हा मला दोघांचाही राग आला होता.

तर तसं आमचं छान चाललंय. तो मला कधीच अडवत नाही. खरं सांगू का, अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तो रविवारी दहापर्यंत झोपतो, मी आणि लेक साडेआठच्या उपासनेला जातो, आम्ही परत येईपर्यंत त्याने पोहे केलेले असतात. यात तक्रार कसली करणार? पण प्रभुभोजनाच्या रविवारी लोक भाकर आणि द्राक्षारस घ्यायला जोडीजोडीने पुढे जातात ना, तेव्हा अजूनही कसंतरी होतं. आणि अकरा वर्षांनंतरही दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "साहेब नाही आले?"

आता मुद्दा. लेक आठ वर्षांची आहे. गेल्या रविवारी संडे स्कूलमध्ये टीचरने सांगितलं की जे येशूला मानत नाहीत ते स्वर्गात जात नाहीत. रात्री पांघरुणात शिरल्यावर रडत म्हणते, "मम्मी, बाबा स्वर्गात नसणार का? मग मला पण नाही जायचं." मला काय बोलावं सुचेना. नवरा बाहेरच्या खोलीत होता, त्याने ऐकलं, तिथूनच म्हणाला, "मी असणार की, दाराशी. सगळ्यांच्या चपला सांभाळायला." लेक खूप हसली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तर ज्यांच्या घरात असं आहे, एक मानणारा आणि एक न मानणारा, त्यांनी मुलांना काय सांगितलं? आणि स्वतःला काय सांगता?

उगाच_एक | ११ ऑगस्ट, रात्री ११.५२

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रभुदास | १२ ऑगस्ट, सकाळी ६.१०

ताई, रागावू नका पण बायबलचं वचन स्पष्ट आहे. २ करिंथ ६:१४, विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका. एका जुवाला बैल आणि गाढव जुंपलं तर नांगर सरळ चालत नाही. तुम्ही लग्नाआधी हे वाचलं नव्हतं का? आज लेकीच्या डोळ्यात जे पाणी आलं त्याची सुरुवात तिथे आहे. तरी प्रभू दयाळू आहे, उपास-प्रार्थना करा, यजमान नक्की विश्वासात येतील.

गव्हाचा_दाणा | १२ ऑगस्ट, सकाळी ९.२५

प्रभुदासभाऊ, सकाळी सकाळी गाढव कोणाला म्हणालात ते कळलं नाही, असो.

त्या अध्यायात लग्नाचा शब्दसुद्धा नाहीये, लग्नाला आपण तो लावतो. ती पत्रं लिहिणारा पौल लग्नाबद्दल थेट बोलतो १ करिंथ ७ मध्ये, बारा ते सोळा वाचा. एखाद्या भावाची बायको विश्वास ठेवणारी नसली आणि ती नांदायला राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. बायकोच्या बाबतीतही तेच. आणि चौदाव्यात तर म्हणतो की न मानणारा नवरा बायकोमुळे पवित्र झालेला आहे आणि मुलंही पवित्र आहेत. होईल असं नाही, झालेला आहे. गंमत म्हणजे सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की हे मी सांगतोय, प्रभू नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्यातल्या किती जणांकडे आहे?

माझं उलटं आहे. मी ख्रिस्ती, बायको नाही. पण तिला "अविश्वासी" म्हणणं मला जमत नाही, ती माझ्यापेक्षा दहापट देवभोळी आहे, आळंदीला जाते, चतुर्थी सोडत नाही. अविश्वासी घरात कोणी असेल तर तो सोमवार ते शनिवार मीच.

प्रभुदास | १२ ऑगस्ट, सकाळी ९.५८

बैल-गाढव अनुवाद २२:१० मध्ये आहे, मी कोणाला नावं ठेवलेली नाहीत. आणि दादा, पौल ज्यांच्याशी बोलतोय त्यांची लग्नं आधीची होती, विश्वासात नंतर आले. करिंथची मंडळी नवी होती. जाणूनबुजून केलेल्या लग्नाला तो अध्याय पांघरूण म्हणून वापरता येणार नाही.

भिंगारकरीण | १२ ऑगस्ट, दुपारी १.१५

प्रभुदासभाऊ, तुमचा हा मुद्दा बरोबर आहे, मी मान्य करते. मी जाणूनबुजूनच केलं. वाचलं होतं, घरात आजीने तीन वेळा वाचूनही दाखवलं होतं. पण आता मुलगी आठ वर्षांची आहे हो, आता मागे जाऊन नांगर सोडू का? आज काय करू ते सांगा.

संपादक | १२ ऑगस्ट, दुपारी २.००

धर्मांतर बरोबर की चूक, कोणाचा देव खरा, हे विषय इथे नकोत. धाग्याचं काश्मीर झालं तर कुलूप लावलं जाईल. उगाच_एक, तुम्हाला ही शेवटची सूचना.

वसईचा_केळीवाला | १२ ऑगस्ट, रात्री ९.३०

आमच्याकडे कॅथलिकांत याची रीतसर सोय आहे त्यामुळे सांगतो. बहिणीचं लग्न आगरी मुलाशी झालं, तो हिंदूच राहिला आणि लग्न चर्चमध्येच झालं. बिशपांकडून आधी परवानगी घ्यावी लागते, डिस्पेन्सेशन म्हणतात, बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायचं तर ती नसेल तर चर्चच्या हिशेबी लग्नच होत नाही. फादर दोघांना बसवून समजावतात, मॅरेज कोर्स असतो. आणि कॅथलिक पार्टीने वचन द्यायचं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून मला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्याकडून वचन घेत नाहीत, फक्त त्याला हे सांगून ठेवायचं. १९७० च्या आधी दोघांकडून घ्यायचे. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पूर्ण उपासना, साधारणपणे नसते, नुसता लग्नाचा विधी.

"शक्य ते सगळं" हे शब्द नीट बघा. बहिणीने फादरांना विचारलं होतं की सासरी महाभारत झालं तर? ते म्हणाले संसार मोडून बाप्तिस्मा कर असं त्यात लिहिलेलं नाही.

भिंगारकरीणताई, आमची सेंट मोनिका तुमचीच पेट्रन, पाठीराखी संत म्हणायला हवी. नवरा पात्रिसिउस मूर्तिपूजक, तापट, वर बाहेरख्याली. मुलगा ऑगस्टीन भलत्याच पंथात. नवऱ्याने मरायच्या थोडं आधी बाप्तिस्मा घेतला आणि पोराने ३८७ साली मिलानमध्ये, सेंट ॲम्ब्रोजच्या हातून. २७ ऑगस्टला तिचा सण येतोच आहे.

नास्तिकनवरा | १२ ऑगस्ट, रात्री १०.४५

मी या धाग्यातला दाराशी चपला सांभाळणारा. म्हणजे ताईंचा नवरा नव्हे, पण त्याच पोस्टवर नेमलेला. बायको कॅथलिक, बारा वर्षं झाली. लग्नाच्या वेळी मला फादरांनी फक्त सांगितलं, सही तिने केली, केळीवाले म्हणतात तसंच.

न मानणाऱ्याची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. आम्हाला देव नसतो याचा त्रास आम्हाला होत नाही. त्रास होतो तो आपल्यावर काम चालू आहे हे कळल्यावर. माझ्या नावाने नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना चालतात हे मला लग्नानंतर चार वर्षांनी बायकोच्या मावशीकडून कळलं, तेही ती अभिनंदन केल्यासारखं बोलली. म्हणजे मी जावई नाही, अर्धवट राहिलेलं बांधकाम. त्यानंतर बायको प्रेमाने जरी वागली तरी मनात यायचं की हे माझ्यासाठी आहे की मला आणण्यासाठी? विषारी विचार आहे, पण आला. मग एकदा रात्री दोन वाजेपर्यंत बोललो. ती म्हणाली, मी तुझ्यासाठी प्रार्थना करायची थांबणार नाही, कारण मी ज्याच्यावर प्रेम करते त्या प्रत्येक माणसासाठी करते, तुझ्या आईच्या गुडघ्यासाठी पण करते. त्या गुडघ्याच्या लिस्टीत असायला माझी काही हरकत नाही असं मी सांगितलं.

बाकी मी ख्रिसमसच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला जातो, क्वायर ऐकायला. सणाला साउंड सिस्टिम माझ्याकडे असते, वायरी गुंडाळण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. गुडघे टेकत नाही, ख्रिस्तप्रसाद घ्यायला लायनीत जात नाही, कोणी विचारतही नाही. मोनिकाबाईंबद्दल आदर आहे, पण चौथ्या शतकापासून बायकांना एकच औषध देताय की हो, रड, प्रार्थना कर आणि वाट बघ.

सकाळचा_चहा | १३ ऑगस्ट, सकाळी ७.२०

शेवटच्या वाक्याला अनुमोदन, आणि थोडं पुढे जाऊन लिहिते. मी वकील नाही, महिलांच्या समुपदेशनाचं काम करते. १ पेत्र ३ मधलं "पतीच्या अधीन राहा म्हणजे तुमचं वर्तन पाहून ते शब्दावाचून जिंकले जातील" हे वचन मारहाण होणाऱ्या बायकांना ऐकवलेलं मी स्वतः पाहिलंय. नवरा मानत नाही आणि नवरा मारतो या दोन गोष्टी एका पिशवीत भरू नका. दुसऱ्या गोष्टीसाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, तिथे जायचं, उपास धरून बसायचं नाही. ताईंचा नवरा पोहे करतो त्यामुळे हे त्यांना नाही, वाचणाऱ्या दुसऱ्या कोणालातरी आहे.

बोरीचं_झाड | १३ ऑगस्ट, सकाळी ११.०५

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. तिथे उलटं होतं ना, नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला १८९५ साली आणि बायको मागे राहिली. नारायण वामन टिळक म्हणजे मोठा कवी असं सगळे लिहितात, पण त्या बाईचं काय झालं असेल त्या काळात, ब्राह्मणाच्या घरात, पदरी लहान मुलगा. काही वर्षं वेगळी राहिली, मग त्याच्याकडे गेली पण स्वतःचं सोवळं लगेच सोडलं नाही, तिने बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. स्मृतिचित्रे वाचताना मला कायम वाटतं की तिला टिळकांनी पटवलं नाही, तिने स्वतःच्या डोक्याने जातीचा विचार करून करून गाठ सोडवली. पाच वर्षं. आणि टिळकांनी त्या पाच वर्षांत काय केलं तर पत्रं लिहिली, चिडले, रुसले, वाट पाहिली.

एक भोचक प्रश्न. सासरी गणपती येतो तेव्हा काय करता? प्रसाद चालतो का? खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

भिंगारकरीण | १३ ऑगस्ट, दुपारी ४.३०

भोचक नाहीये, दरवर्षी मीच मला विचारते.

मोदक मी करते. माझ्या कळ्या सासूबाईंपेक्षा बऱ्या येतात हे त्यांनी सगळ्या आळीत सांगितलंय. आरतीला मागे उभी राहते, टाळ्या वाजवत नाही, निरांजनावर हात फिरवत नाही. पहिल्या वर्षी स्वयंपाकघरात लपून बसले होते तर सासूबाई म्हणाल्या बाहेर ये गं, पाहुणे विचारतात, देवाला नको करूस नमस्कार, माणसांना तरी कर. ते पटलं.

प्रसादाचं मात्र भांडण माझं माझ्याशीच. १ करिंथ १० मध्ये पौल म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर पानात पडेल ते काही न विचारता खा. पण पुढच्याच वचनात म्हणतो, कोणी सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. आता सासूबाई तर "हा प्रसाद गं" असं म्हणूनच हातावर ठेवतात! मग मी गेली काही वर्षं नैवेद्याच्या आधीचे दोन मोदक बाजूला काढून ठेवते. म्हणजे सासूबाईच काढतात. डब्यावर माझं नाव असतं. देवाच्या आधी मला मिळतात हा त्यातला विनोद नवरा दरवर्षी करतो.

गव्हाचा_दाणा | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

मागे उभं राहण्यावरून नामान या अरामी सेनापतीची गोष्ट आठवली, २ राजे ५. कोड बरा झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, आता मी फक्त परमेश्वराला मानीन, पण एका गोष्टीची क्षमा असावी, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं. संदेष्ट्याने लेक्चर द्यायला पाहिजे होतं ना? त्याने दिलं नाही. "शांतीने जा" एवढंच म्हणाला. माझ्या बायकोच्या आईला गुडघ्यामुळे देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत, हात मीच धरतो, तेव्हा मी नामान.

प्रभुदास | १३ ऑगस्ट, रात्री ८.४०

ही सवलत नव्या विश्वासणाऱ्याला होती. पण गोष्ट आठवण करून दिलीत, धन्यवाद. मी विसरलो होतो.

जुन्या_बाकावरची | १४ ऑगस्ट, पहाटे ५.३०

पोरी, मी अडुसष्ट वर्षांची आहे. मिरजेला मिशन हॉस्पिटलात शिकले, आयुष्यभर सिस्टर म्हणून नोकरी केली. टाइप नातवाने शिकवलं, चुका पोटात घाल.

आमचे हे मराठा, शाळेत गणिताचे सर. मानायचे काहीच नाही. लग्न रजिस्टर झालं, दोन्हीकडचे दोन वर्षं बोलले नाहीत. मग मला रविवारी देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) सोडायला स्कूटरवर यायला लागले. आत कधी आले नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली स्कूटर लावायची, तिच्यावर बसून पेपर वाचायचा, उपासना संपली की मला घेऊन बाजारात. एकतीस वर्षं. पावसात पेपर भिजायचा म्हणून पाळकसाहेबांनी व्हरांड्यात खुर्ची ठेवली, तर हे म्हणाले नको, खुर्चीवर बसलो की पुढचं पाऊल आत पडेल. लोक हसायचे. मला पहिली पाच-सात वर्षं लाज वाटायची आणि राग यायचा, की एवढं दारापर्यंत येतोस तर दहा पावलं आत यायला काय होतं. मग एकदा त्यांना टायफॉइड झाला, तीन रविवार मी रिक्षाने गेले, आणि देवळातून बाहेर आल्यावर त्या झाडाखाली कोणी नव्हतं. त्या दिवसापासून राग गेला बघ.

पोरांचं म्हणशील तर माझी दोन्ही पोरं माझ्याबरोबर आली, मोठा अजून जातो, धाकटी जात नाही. धाकटीनेही तुझ्या लेकीसारखंच विचारलं होतं. मी तिला सांगितलं की पौलाचा सोबती तीमथ्य, त्याची आजी लोइस आणि आई युनीके या विश्वासात होत्या असं पवित्र शास्त्रात नावानिशी लिहिलंय, आणि बाप ग्रीक होता एवढंच लिहिलंय. त्याचं पुढे काय झालं ते देवाने आपल्याला सांगितलेलं नाही, म्हणजे ते आपल्याला सांगण्याचं नाही. तिने विचारलं, मग तू काय करणार? मी म्हटलं, मी झाडाखाली बघणार.

कायद्याचा_कीस | १४ ऑगस्ट, दुपारी १२.२०

आजींच्या पोस्टनंतर हे रुक्ष वाटेल पण घरोघरी याच कागदांवरून भांडणं होतात म्हणून लिहून ठेवतो.

स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४, तीस दिवसांची नोटीस, ती ऑफिसच्या बोर्डावर लागते आणि बोर्ड वाचायला नेमका कोणीतरी काका जातोच. दुसरा मार्ग १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, त्यात दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं, हे खूप जणांना माहीत नसतं. आता वारसा. हिंदू मुलाने ख्रिस्ती मुलीशी १९५४ च्या कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात आणि दोघांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, हिंदू वारसा कायदा नाही. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना. दोघंही हिंदू असतील तर हे लागत नाही. तेव्हा ज्यांचं लग्न असं आहे त्यांनी मृत्युपत्र करा, प्लीज.

आणि एक, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. कबरस्तान. बहुतेक चर्चच्या दफनभूमीत सभासदालाच जागा मिळते. न मानणारा जोडीदार शेजारी नसतो. आधी बोलून ठेवा, ऐन वेळी दारात उभं राहून नका बोलू.

नास्तिकनवरा | १४ ऑगस्ट, दुपारी १.००

हे आम्ही बोललोय. मी देहदान केलंय, फॉर्म भरून झाला. बायको म्हणाली बरं झालं, नाहीतर तुझी राख मी कुठे ठेवली असती. मी म्हटलं पिठाच्या डब्यात. दोन दिवस बोलली नाही.

वसईचा_केळीवाला | १४ ऑगस्ट, रात्री ९.१५

कॅथलिकांना १९६३ पासून दहन चालतं, फक्त राख घरात ठेवायची नाही आणि उधळायची नाही, पवित्र जागीच ठेवायची असं २०१६ ला पुन्हा सांगितलंय. पिठाच्या डब्याचा उल्लेख त्यात नाही पण भावना पोहोचल्या.

भिंगारकरीण | २८ ऑक्टोबर, रात्री १०.५०

धागा वर काढतेय. सॉरी, मध्ये गणपती, परीक्षा, दिवाळी सगळं आलं.

संडे स्कूलच्या टीचरशी बोलले. बावीस वर्षांची पोरगी, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, तिच्या वहीत तसं लिहिलेलं होतं ते तिने वाचलं. माझी लेक रडली हे ऐकून तीच रडायला लागली, मला तिलाच पाणी द्यावं लागलं. मी तक्रार वगैरे केली नाही.

मग आमचे आत्ताचे पाळकसाहेब चहाला आले. मी बोलावलं नव्हतं, टीचरनेच सांगितलं असणार. मला धडकी भरली कारण नवरा घरी होता आणि त्याने मागच्या जन्मीचं वैर असल्यासारखा सरळ प्रश्न टाकला, "पाळकसाहेब, तुमच्या मते मी कुठे जाणार?" मी आत बशा शोधत राहिले. पाळकसाहेबांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, चमच्याने काढलं आणि म्हणाले, "ते माझ्या अखत्यारीत येत नाही हो." बस. नवऱ्याला ते इतकं आवडलं की आता घरात कचरा कोण टाकणार, गॅस कोण नोंदवणार, सगळं "माझ्या अखत्यारीत येत नाही".

लेकीला मी आजींचंच सांगितलं, तीमथ्याचे बाबा. तिने नीट ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न मांजराचा काढला. मांजर बाप्तिस्मा घेऊ शकत नाही मग ते कुठे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

प्रभुभोजनाला अजून एकटीच जाते. ते तसंच आहे. पण गेल्या महिन्यात मी नवऱ्याला ते पहिल्यांदा सांगितलं, की मला तिथे कसंतरी होतं. अकरा वर्षं सांगितलं नव्हतं कारण मला वाटायचं त्याला मुद्दाम ओढतेय असं वाटेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी आत येऊन खोटं उभं राहिलो तर तुला बरं वाटेल?" मी नाही म्हटलं. ते खरं होतं की नाही कोण जाणे. त्याने हा धागा वाचलाय, आजींची पोस्ट दोनदा वाचली. फक्त एक दुरुस्ती करायला सांगितलीय, तो रविवारी दहाला नाही, साडेनऊला उठतो.

जुन्या_बाकावरची | २९ ऑक्टोबर, पहाटे ५.१५

वाचून बरं वाटलं पोरी. मांजराचं मलाही माहीत नाही.

तुमच्यापाशी एक बोलते. हे गेले त्याला डिसेंबरात सहा वर्षं होतील. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन केलं, कृष्णेला. माझी जागा देवळाच्या कबरस्तानात आहे, आईशेजारी. मी रोज रात्री अजून त्यांच्यासाठी प्रार्थना करते. एकदा पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, आपल्यात गेलेल्यांसाठी करत नाहीत सिस्टर, आता ते देवाच्या हाती. मी हो म्हटलं. तरी करते. एकतीस वर्षांची सवय आहे, नाव आपोआप येतं तोंडात.

प्रभुदास | २९ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

आजी, सलाम. मी काही म्हणणार नाही.

वसईचा_केळीवाला | २९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

आजी, आमच्यात करतात. येत्या २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस आहे, संध्याकाळी सगळं कबरस्तान मेणबत्त्यांनी भरतं, आम्ही वडिलांच्या कबरीवर झेंडूच्या माळा घालायला जातो. तिथे कोपऱ्यात एक मोठा क्रूस आहे, ज्यांची कबर इथे नाही त्यांच्यासाठी लोक तिथे मेणबत्ती लावतात. सरांचं नाव सांगितलंत तर मी एक लावतो. त्यांना चालणार नसेल तर राहू दे.

जुन्या_बाकावरची | ३० ऑक्टोबर, पहाटे ५.२०

नाव व्यनि (खाजगी निरोप) केलं आहे. मेणबत्ती क्रूसापाशी नको, जवळपास एखादं झाड असेल तर त्याखाली लावा.